बासमती पडली, इंद्रायणी उभी राहिली

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बेळगावच्या दक्षिणेकडच्या एका गावातून एका सुनेनं लिहिलं आहे. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. सासऱ्यांचे गुडघे धरले, तेव्हापासून शेत तिच्याकडे आलं. गेला खरीप तिचा पहिला. दोन एकर भात. एक एकर इंद्रायणी वरच्या रानात, एक एकर घरची जुनी बेळगाव बासमती नाल्याकाठी. दोन्हीला तिनं अगदी सारखं खत घातलं: शेणखत, एकरी एक बॅग डीएपी आणि दोन बॅगा युरिया, त्यातली दुसरी बॅग गणपतीनंतर. इंद्रायणी १८ क्विंटल झाली. बासमती गणपतीत इतकी हिरवीगार होती की येणारे-जाणारे बांधावर थांबायचे. दिवाळीच्या तोंडावर एका रात्रीच्या पावसात ती सगळी आडवी झाली. ५ क्विंटल हाती लागली, त्यातही गिरणीत कणीच जास्त पडली. सासऱ्यांच्या काळात ८ तरी व्हायची. सासरे म्हणतात, खतानं माती मेली, यंदा रासायनिक खताचा दाणा रानात पडायला नको. दीर म्हणतात, बासमती मोडा, सगळीकडं इंद्रायणी लावा. तिनं विचारलं आहे: बासमतीला नेमकं कोणतं खत कमी पडलं? काय वाढवलं असतं तर ती इंद्रायणीएवढी झाली असती? की हे भातच सोडून द्यावं? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "काकू, शेत माझ्या हातात आलं आणि पहिल्याच वर्षी पडलं."

---

तुझी शेवटची ओळ मी आधी घेते, कारण बाकीचे प्रश्न त्या ओळीच्या ओझ्याखाली विचारलेले वाटतात.

मी खानापूर तालुक्यात वाढले. शिकायला बाहेर राहिले, सुट्टीला घरी आले की शेतीची पुस्तकं वाचून आलेली असायचे. एका वर्षी मीच बाबांच्या मागं लागून उंच भाताला जादा युरिया टाकायला लावला. पिकाचा रंग असा चढला की मला रोज सकाळी उठून बघावंसं वाटायचं. मग हस्ताचा पाऊस आला. सकाळी बांधावर गेलो तर कुणी चटई अंथरावी तसं सगळं शेत एका अंगाला निजलेलं. बाबा काही बोलले नाहीत. चिखलात उतरले, चार-चार चूड, म्हणजे रोपांचे झुबके, एकत्र धरून पातीनंच बांधत उभे करायला लागले. मीही उतरले. दुपारपर्यंत आमची दोन-तीन गुंठेसुद्धा झाली नाहीत. त्या दिवशी चूड हातात धरल्यावर जे जाणवलं ते अजून बोटांत आहे: वरचा भार ओला, जड, आणि बुंध्याचं कांडं बोटानं दाबलं की पिचकत होतं.

तुझ्या बासमतीचं बुडखं तू दाबून बघितलंस का, ते पत्रात नाही. पण बघितलं असतंस तर तेच हाताला लागलं असतं असं मला वाटतं. तेव्हा शेत "तुझ्या हातात आल्यामुळं" पडलेलं नाही. दोन वेगळ्या स्वभावाच्या भातांना एका मापानं वाढलं गेलं, म्हणून पडलं. ही चूक आपल्या भागात घरोघरी होते. दुकानात गेलं की "भाताला किती?" एवढंच विचारतात आणि दुकानदारही एकच उत्तर देतो. "कोणतं भात?" असं कुणी विचारत नाही.

आता तुझा प्रश्न. "कोणतं खत कमी पडलं?" यात तू एक गोष्ट आधीच धरून चालली आहेस, ती म्हणजे काहीतरी कमी पडलं. आपण आधी हिशोब मांडू.

डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत १८ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, म्हणजे ९ किलो. युरियाची बॅग आता ४५ किलोची येते, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळपास २१ किलो. दोन बॅगांचं ४१. एकूण झालं एकरी ५० किलो नत्र. वर शेणखत, आणि नाल्याच्या पुरानं आणून टाकलेला गाळ वेगळा. आता भात घेतं किती? १ टन भात पिकवायला दाणा आणि पिंजर (पेंढा) मिळून साधारण १५ ते २० किलो नत्र उचललं जातं. तुझी बासमती चांगल्या वर्षी ८ क्विंटल होते. तिला सगळं मिळून १२ ते १६ किलो नत्र पुरतं, आणि त्यातला बराच वाटा तर माती स्वतःच देते. तू ५० वाढलंस. इंद्रायणीच्या १८ क्विंटलांना २७ ते ३६ किलो लागतं, शिवाय टाकलेल्या युरियातलं निम्म्याहून जास्त नत्र हवेत उडून किंवा पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणून तिला ५० हे थोडंच जास्त झालं, ती सोसून गेली. बासमतीला सोसवलं नाही.

पण इथं तू विचारशील, जास्त झालं तर झालं, दाणे जास्त का नाही भरले? इंद्रायणी जे दाण्यात घालते ते बासमतीनं कुठं घातलं?

तिनं ते उंचीत घातलं, पातीत घातलं. हा तिचा दोष नाही, स्वभाव आहे. आपल्या जुन्या उंच जाती अशा काळात घडल्या जेव्हा रानात नत्र कमी असायचं, गवत जास्त असायचं आणि पाणी कधी किती येईल याचा नेम नसायचा. अशा रानात ज्याची मान वर तेच जगायचं. म्हणून नत्र मिळालं की उंच वाढणं, पानं पसरणं, शेजाऱ्याला सावलीत टाकणं हे त्यांच्या रक्तात आहे. नत्र बेताचं असतं तोवर हे सगळं कामाला येतं. ते भरमसाट मिळालं की पानं लांब होऊन वाकतात, खालच्या पानांना ऊन मिळत नाही, बुंध्याची कांडी लांब आणि पोकळ होतात. वर लोंबीत दूध भरायला लागलं की भार वाढतो, आणि एक पाऊस पुरतो.

इंद्रायणीचं घराणं वेगळं आहे. ती १९८७ साली मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आली. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून. वास आणि चव आंबेमोहोराची, आणि खत पचवायची ताकद आयआर-८ ची. आयआर-८ हे फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ साली बाहेर काढलेलं बुटकं भात. त्याचे आईबाप म्हणजे तैवानचं एक बुटकं भात आणि इंडोनेशियाचं पेटा नावाचं उंच भात. बुटक्या भाताकडून त्याला असा एक गुण आला की कांडी लांबवणारं संप्रेरकच रोपात कमी तयार होतं. मग नत्र मिळालं तरी रोप वर पळत नाही. फुटवे जास्त काढतं, पानं ताठ ठेवतं आणि जमवलेलं दाण्यात घालतं.

हे पेटा मी मुद्दाम सांगतेय. आपल्याकडं खानापूर-कित्तूर भागात जी इंटान लावतात, ती पेटाची सख्खी बहीण. दोघी इंडोनेशियात एकाच संकरातून निघालेल्या. फिलिपिन्समध्ये पेटा आणि आयआर-८ शेजारी शेजारी लावून नत्र वाढवत नेलं, तेव्हा आयआर-८ चं उत्पन्न चढत गेलं आणि पेटाचं उतरत गेलं. एकच माती, एकच युरिया, आणि आई पडतेय, लेक उभी राहतेय. तुझ्या दोन एकरांत गेल्या साली तेच झालं. म्हणून "काय वाढवलं असतं तर बासमती इंद्रायणीएवढी झाली असती" याला माझं उत्तर आहे, काहीच नाही. तिची पायरी ठरलेली आहे. त्या पायरीपर्यंत तिला नीट नेणं आणि तिथं तिला उभी ठेवणं, एवढं आपल्या हातात आहे.

खतानं सगळ्या जाती सारख्या वागत नाहीत ही गोष्ट नत्रापुरती नाही. मुळांच्या सवयीही वेगळ्या असतात. २०१२ साली शास्त्रज्ञांना कासलथ नावाच्या एका जुन्या भारतीय भातात असा जनुक सापडला की ज्याच्या जोरावर रोपाची मुळं लहानपणीच भराभर वाढतात आणि गरीब मातीतूनही स्फुरद (फॉस्फरस) ओढून घेतात. बऱ्याच नव्या जातींत तो जनुक नव्हताच. खताची सोय असलेल्या रानातच निवड होत गेली, तर अशी मुळं कुणाच्या लक्षात येणार? हे तुझ्या दिरांना सांग. जुनं भात म्हणजे मागासलेलं भात असं ते धरून चालले आहेत, ते बरोबर नाही.

आता हिरव्या रंगाबद्दल, कारण मला वाटतं खरी फसगत तिथं झाली. गणपतीत लोक बांधावर थांबले, कौतुक झालं, आणि तुला वाटलं अजून एक बॅग टाकली तर अजून जोर येईल. पहिल्याच वर्षी, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना, कुणालाही असंच वाटेल. पण भात काळपट हिरवं दिसणं ही तब्येत नव्हे. ते भात करपा रोगाला आणि तुडतुडे किडीला आवतण देतं. आपल्या पावसाळी, ढगाळ भागात तर जास्तच. आणि उंच सुवासिक भात गणपतीनंतर नेमकं कांडी लांबवायच्या तयारीत असतं. त्या वेळी पडलेला युरिया थेट बुडाच्या कांड्यांत जातो. पहिल्या बॅगेनं फार बिघडलं नसतं कदाचित. दुसरीनं बिघडवलं.

रंग बघायचाच तर मापानं बघ. पानांचा रंग जुळवायची एक प्लॅस्टिकची पट्टी मिळते, फिक्या हिरव्यापासून गर्द हिरव्यापर्यंत क्रमांक घातलेली. सकाळी ८ ते १० च्या दरम्यान, उन्हाला पाठ करून, आपल्या अंगाच्या सावलीत, वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर ठेवून बघायचं. अशी दहा चुडांची दहा पानं. दहांतली सहा किंवा जास्त पानं ठरलेल्या क्रमांकापेक्षा फिकी असतील तरच युरिया, नाहीतर दहा दिवसांनी पुन्हा बघायचं. यात आपल्या कामाची गोष्ट अशी की सुधारित बुटक्या भाताला तो क्रमांक ४ धरतात आणि बासमतीसारख्या सुवासिक भाताला ३. म्हणजे बासमती थोडी फिकी दिसली तरी ती उपाशी नसते, तिचा रंगच तसा. शेजारच्या इंद्रायणीशी तिचा रंग जुळवायला गेलं की युरिया जास्त पडणारच.

आणि मोबाईलवर "बासमती खत व्यवस्थापन" शोधू नकोस, तुला शपथ आहे. ते व्हिडिओ पंजाब-हरियाणाच्या बासमतीचे असतात. त्यातल्या बऱ्याच जाती बुटक्या केलेल्या आहेत, आणि त्यांची माती, पाणी, हवा काहीच आपल्यासारखं नाही. नाव एक आहे म्हणून घराणं एक होत नाही.

आता मामंजी. "खतानं माती मेली" हे त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं मान्य करणार नाही. एका हंगामात दोन बॅगा युरियानं माती मरत नाही, आणि त्याच मापावर वरच्या रानात इंद्रायणी उभी राहिली हे त्यांनीही बघितलंय. पण त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते खरं आहे: बासमतीला खत सोसलं नाही. कारण त्यांनी मातीत शोधलं, ते भातात होतं, एवढाच फरक. त्यांच्याशी वाद घालण्याआधी त्यांना एक विचार: "मामंजी, बासमती तुम्ही नाल्याकाठीच का ठेवली?"

मला वाटतं याचं उत्तर ऐकण्यासारखं असेल. बळ्ळारी नाला असो की दुसरा कुठला, आपल्याकडच्या नाल्याकाठच्या शिवारात पावसाळ्यात पाणी चढून दोन-चार दिवस उभं राहतं हे तुला माहीत आहे. बुटकं भात त्या पाण्यात पुरतं बुडतं आणि कुजतं. उंच भाताची शेंडं पाण्याबाहेर राहतात. शिवाय पुराचा गाळ तिथं आपोआप खत देतो, आणि थोड्या खतावर भागणारं भात त्या रानाला शोभतं. हा सगळा हिशोब मामंजींनी शब्दांत मांडला नसेल, पण इतकी वर्षं त्यांनी तो हातानं केलेला असणार. मग दिरांच्या सल्ल्याप्रमाणं नाल्याकाठी इंद्रायणी लावली आणि जुलैत पाणी चढलं तर काय होईल, हेही त्यांच्याकडूनच ऐक.

बासमती मोडायची की नाही ते शेवटी तुमच्या घरानं ठरवायचं. पण क्विंटलावर ठरवू नका. १८ आणि ८ हे आकडे शेजारी ठेवले की बासमती हरणारच. त्यापेक्षा एका एकराचे पैसे मांडा: तांदूळ करून काय भावानं गेला, खत-फवारणीला किती गेले, पिंजर किती निघालं. बेळगाव बासमतीला ओळखीचं गिऱ्हाईक दारात येऊन इंद्रायणीपेक्षा चांगला भाव देतं. पण अख्खा तांदूळ असेल तरच; पडलेल्या भाताचे दाणे एकसारखे पिकत नाहीत आणि गिरणीत तुटतात, कणीला तो भाव नाही. म्हणजे बासमतीत खरी कमाई जास्त पिकवण्यात नाही, उभं ठेवण्यात आहे. माझं मत विचारशील तर एक वर्ष कमी खतावर करून बघितल्याशिवाय ती मोडू नये. घरचं बियाणं एकदा गेलं की तसंच परत मिळवणं फार अवघड. यंदा हाताशी असलेल्या भातातून, कुठं एखादा कोपरा उभा राहिला असेल तर तिथलंच, बियाणं वेगळं काढून ठेव, आणि त्यात दुसऱ्या जातीची सरमिसळ दिसली तर लोंबी बघून वेचून टाक.

रासायनिक खत पूर्ण बंद करायचं म्हणशील, तर बासमतीत ते एखाद्या वर्षी निभावेलही, कारण नाल्याकाठचं रान श्रीमंत आहे. वरच्या रानात इंद्रायणीला मात्र ते भोवेल. १ टन शेणखतात नत्र साधारण ५ किलो, आणि तेही सगळं पहिल्या वर्षी मिळत नाही. इंद्रायणीची भूक त्यावर भागवायला किती गाड्या शेणखत लागेल आणि तुमच्या गोठ्यात किती जनावरं आहेत, हे तूच मोज.

आता येत्या खरिपासाठी. तुझ्यासारखं जुनं आणि नवं भात शेजारी शेजारी लावणाऱ्या कुणालाही हे वापरता येईल, आपापल्या रानाप्रमाणं थोडं कमी-जास्त करून.

इंद्रायणीसारख्या सुधारित जातींना हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद आणि ५० पालाश (पोटॅश) अशी शिफारस सर्वसाधारणपणे असते. एकरी ४०, २०, २०. तुझ्या रानात लावणीच्या वेळी एक बॅग डीएपी आणि ३० ते ३५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश, आणि पुढं ६५ किलोच्या आसपास युरिया, तोही दोन-तीन हप्त्यांत. गेल्या साली ९० किलो टाकलास, म्हणजे त्यातला २५ किलो वाचेल. बासमतीला याच्या निम्म्याहून थोडं कमी: अर्धी बॅग डीएपी, १५ किलोच्या आसपास पोटॅश, आणि पूर्ण हंगामात २५ ते ३० किलो युरिया, बस. तोही दोनदा, आणि दुसऱ्यांदा पट्टीनं सांगितलं तरच.

पोटॅश तुझ्या पत्रात कुठंच नव्हतं, ते मला खटकलं. भात जेवढं नत्र उचलतं जवळपास तेवढंच पालाशही उचलतं, पण त्यातला पाचातला चार वाटा दाण्यात न जाता पिंजरात राहतो. पिंजर घरच्या जनावरांना घातलं आणि शेण रानात परत आलं तर बराच पालाश फिरून येतो. पिंजराचा ट्रॅक्टर भरून गवळ्याला विकला की तो गावाबाहेर गेला. कांडं टणक राहायला पालाश लागतो. मामंजी चुलीतली राख रानात टाकायचे का, विचार. टाकत असतील तर त्यांच्या काळात बासमती उभी राहायची त्यात त्या राखेचाही हात होता.

युरिया टाकताना खाचरातलं पाणी आधी सोड, चिखल दिसेल एवढंच ठेव, युरिया टाकून कोळपं किंवा हात फिरवून तो चिखलात मिसळ, आणि एक-दोन दिवसांनी पाणी घे. उभ्या पाण्यावर उधळलेला युरिया उडून जातो. आणि आभाळ भरलेलं असताना नाल्याकाठी टाकलेला युरिया बाजूच्या शेताला जातो.

दुसरा हप्ता कधी, हे तारखेनं ठरवू नकोस. बुटक्या भाताचं आणि बासमतीचं वेळापत्रक वेगळं. जुनी सुवासिक भातं उशिरा निसवतात, म्हणजे त्यांची लोंबी उशिरा बाहेर पडते. भातालाच विचार. शेतातलं एक जाडसर मुख्य कांडं मुळापासून उपट, पानं सोल आणि ब्लेडनं बुडापासून वर उभं चीर. सुरुवातीला आत नुसत्या गाठी दिसतील, भरलेल्या. पुढं काही दिवसांनी सगळ्यात वरच्या गाठीच्या टोकाला एक पांढरा, लवदार ठिपका दिसेल, तिळाच्या निम्मासुद्धा नाही, कापसाच्या तंतूसारखा मऊ. ती लोंबी आहे. पोटरी अजून दिसत नाही, निसवायला महिनाभर अवकाश आहे, पण लोंबीत किती दाणे असतील ते ती तिथं ठरवत असते. त्या वेळी दिलेलं थोडं नत्र दाण्यांच्या कामी येतं. त्याच्या आधी पंधरा दिवस दिलेलं उंचीच्या कामी जातं. बासमतीत या ठिपक्याची वाट बघ, पट्टी लाव, आणि ३ च्या खाली असेल तरच १२-१५ किलो युरिया टाक. पहिल्यांदा चिरून बघशील तेव्हा मामंजींनाही दाखव. त्यांनी आयुष्यभर भात पिकवलं, पण कांडं चिरून लोंबी बघितली असेल असं नाही.

आणि एक गोष्ट मात्र नक्की कर, बाकीचं राहिलं तरी चालेल. बासमतीच्या एकरात एक गुंठा वेगळा काढ, चारी बाजूंनी छोटा बांध घाल म्हणजे शेजारचं खताचं पाणी आत येणार नाही, आणि त्यात युरिया-डीएपी काहीही टाकू नकोस. फक्त शेणखत. मामंजींच्या म्हणण्याप्रमाणं. त्याच्या बाजूला तेवढाच एक गुंठा मी सांगितलेल्या मापाचा. सुगीत दोन्ही वेगवेगळे काप, वेगळे मळ, वेगळे वजन कर. बिनखताच्या गुंठ्यातून २० किलो निघाले तर तुझी माती एकट्यानं एकरी ८ क्विंटल देते असं समज, आणि पुढच्या वर्षी खत आणखी कमी कर. १० किलोच निघाले तर मामंजींनाही खताचं काम दिसेल. घरातला हा वाद बोलून मिटणार नाही, तराजूवर मिटेल, आणि कुणाला खाली बघावं लागणार नाही.

माती परीक्षणाचा नमुना उन्हाळ्यात, खत घालण्याआधी काढ, दोन्ही रानांचा वेगळा. होबळीच्या रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या स्थानिक केंद्रात, चौकशी कर. कार्ड कन्नडमध्ये आलं आणि वाचायला अडचण झाली, तर घरातल्या किंवा शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घे. सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश आणि जस्त एवढं बघितलं तरी पुष्कळ. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर तांबूस, गंजल्यासारखे ठिपके आले आणि रोपं खुरटली, तर ते बहुतेक जस्त कमी असल्याचं लक्षण. एकरी १० किलो झिंक सल्फेट पुरतं. ते डीएपीबरोबर एकत्र करून टाकू नकोस.

दुकानात जाताना यंदा दोन चिठ्ठ्या घेऊन जा, एक इंद्रायणीची आणि एक बासमतीची. दुकानदार म्हणेल, भाताला सगळ्यांना हेच देतो. तू चिठ्ठीप्रमाणंच घे.

दोन्ही गुंठ्यांची वजनं झाली की मला कळव. आणि नाल्याकाठी बासमती का ठेवली होती, ते मामंजींनी काय सांगितलं तेही लिही. मला ते खरंच ऐकायचं आहे.

तुझी,
काकू